नाही म्हणायलाही खिडकी लागते

२६ डिसेंबर २०२३ च्या पहाटे मुंबई विमानतळावर २७६ माणसं उतरली. मुंबईला यायचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराहून निघालेलं त्यांचं विमान मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाला चाललं होतं. इंधन भरायला ते फ्रान्समधल्या व्हात्री नावाच्या आडगावच्या विमानतळावर थांबलं आणि मानवी तस्करीच्या संशयावरून तिथेच अडकलं. एकूण ३०३ प्रवासी, जवळपास सगळे भारतीय, बरेचसे गुजरात आणि पंजाबचे. निकाराग्वाहून जमिनीच्या वाटेने अमेरिकेची सीमा गाठायची, हा या प्रवासाचा खरा बेत असावा, असा संशय होता. मुंबईत उतरल्यावर त्यातले बरेच जण तोंड लपवून, कॅमेरे चुकवत निघून गेले. वाहिन्यांनी दोन दिवस 'डंकी, डंकी' (म्हणजे चोरवाटेने परदेशी जाणं) केलं आणि विषय मिटला.

माझं लक्ष मात्र त्या बातमीतल्या एका बारक्या तपशिलावर अडलं. परदेशी माणसाला विमानतळावर चार दिवसांहून जास्त अडकवून ठेवायचं असेल, तर फ्रान्सच्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशाची परवानगी लागते. इथे ती वेळ आली नाताळच्या आदल्या दिवशी, तीही रविवारी. मग न्यायाधीश, वकील आणि दुभाषे असा सगळा लवाजमा व्हात्रीच्या विमानतळावरच आला आणि एकेका प्रवाशाची सुनावणी सुरू झाली. २५ जणांनी आश्रय मागितला. त्यात ५ अल्पवयीन होते. त्यांना पॅरिसला हलवलं आणि विमान बाकीच्यांना घेऊन मुंबईकडे निघालं. फ्रान्सने कुणासाठी पायघड्या घातल्या नव्हत्या. पण सुट्टीच्या दिवशी टेबल-खुर्ची मांडून माणसागणिक ऐकून घेतलं.

आपल्याकडे ही चर्चा निघाली की ती लगेच 'घ्यायचं की नाही घ्यायचं' यावर येते. लोकलमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर, टीव्हीवर, सगळीकडे तेच. एक बाजू म्हणते माणुसकी, दुसरी म्हणते देश आधी. मला वाटतं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न साधा, जवळजवळ कारकुनी आहे: दारात आलेल्या माणसाचं काय करायचं हे कोण ठरवणार, कुठे बसून, किती दिवसांत, आणि ठरलं ते लिहून देणार की नाही? याची उत्तरं नसतील तर कडक म्हणवणारं धोरण कडक नसतं, बेभरवशाचं असतं. दयाळू म्हणवणाऱ्या धोरणाचीही तीच गत.

अमेरिकेची दक्षिण सीमा घ्या. आश्रय मागणाऱ्यांचं काय करायचं, यावर तिथे गेल्या सात-आठ वर्षांत इतके प्रयोग झालेत की हाडाच्या सरकारी अधिकाऱ्यालाही चक्कर यावी. आधी 'दिवसाला इतकेच आत' असं सुरू झालं. रोजच्या ठरलेल्या आकड्यापलीकडच्यांनी मेक्सिकोच्या बाजूला थांबायचं. पण थांबायचं तर नंबर हवा, आणि नंबर देणार कोण? अमेरिकन अधिकारी देईनात, मेक्सिकोचे अधिकारी उघडपणे जबाबदारी घेईनात. तेव्हा तिहुआना शहरातल्या चौकात आश्रय मागणाऱ्यांनीच एक वही सुरू केली. साधी, शाळेत वापरतात तशी वही. एका नंबराखाली दहा नावं. रोज सकाळी लोक जमायचे, आज कितीव्या नंबरापर्यंत आत घेणार ते पुकारलं जायचं, ज्याचा आला तो पुढे, बाकीचे उद्या. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाच्या सीमेवरची रांग एका वहीवर चालली होती आणि ती वही कुठल्याच सरकारची नव्हती. अशा वहीत नाव वर सरकवायला कुणी पैसे मागत असेल का, हे मुंबईकराला विचारायची गरज नाही.

जानेवारी २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने पुढचं पाऊल टाकलं. आश्रयाचा खटला अमेरिकेत चालेल, पण अर्जदाराने तारखेपर्यंत मेक्सिकोतच राहायचं. दोन वर्षांत सत्तर हजारांच्या आसपास माणसं अशी परत धाडली गेली. टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलच्या समोर, नदीच्या पलीकडे मातामोरोस गाव आहे. टोळ्यांच्या दहशतीमुळे अमेरिकन सरकार आपल्याच नागरिकांना मेक्सिकोच्या त्या राज्यात जाऊ नका म्हणून बजावतं. तिथे या लोकांनी तंबू ठोकले. खून, बलात्कार, अपहरण अशा दीड हजारांहून जास्त घटना मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. आश्रय किंवा तसाच काही दिलासा मिळाला शेकडा जेमतेम एक-दोघांना. हे सगळे खोटारडे होते म्हणून असं झालं, असं म्हणणं सोपं आहे. पण तंबूत राहून अमेरिकन वकील शोधायचा, कागदपत्रं गोळा करायची आणि तारखेच्या दिवशी पहाटे अंधारात पुलावर पोचायचं, हे ज्याला जमलं नाही त्याचा खटला गैरहजेरीत निकाली निघाला. कुणाचं म्हणणं खरं होतं, हे त्यातून कळायला मार्गच नव्हता.

मग करोना आला आणि मार्च २०२० पासून साथीच्या नावाखाली, ऐकून न घेताच, लोकांना माघारी पाठवणं सुरू झालं. ते मे २०२३ पर्यंत, म्हणजे साथ ओसरल्यावरही चालू राहिलं. बायडन सरकारने मोबाइल ॲपवर वेळ घ्यायची सोय काढली. सीमेवरच्या वस्त्यांत लोक पहाटेपासून फोन हातात धरून बसायचे, तात्काळ तिकिटासाठी आपण बसतो तसे. तरीही त्या ॲपवरून नऊ लाखांहून जास्त लोक रीतसर आत गेले. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली आणि काही मिनिटांत ती सोय बंद झाली. सुमारे ३० हजार लोकांना मिळालेल्या तारखा रद्द झाल्या. त्यातले काही जण त्या क्षणी पुलाजवळ बॅग घेऊन उभे होते.

इथे कडक धोरणाच्या बाजूने एक रास्त मुद्दा आहे आणि उदारमतवादी मंडळी तो टाळतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन न्यायालयांत ३० लाखांहून जास्त प्रकरणं तुंबली आहेत. निकालाला कित्येक वर्षं लागतात. म्हणजे ज्याला कसलाही धोका नाही, फक्त डॉलर कमवायचे आहेत, त्याने 'माझ्या जिवाला धोका आहे' एवढं म्हटलं की त्याला तेवढी वर्षं मिळतात. आपल्याकडचे एजंट हेच विकतात. ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ या अमेरिकन आर्थिक वर्षात तिथल्या सीमांवर सुमारे ९७ हजार भारतीय अडवले गेले. हे सगळे काही छळाला कंटाळून निघालेले नव्हते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मेहसाण्यात नाही तर जालंधरात जमीन विकून एजंटाच्या हातावर लाखो रुपये ठेवणारा माणूस त्या तुंबलेल्या न्यायालयाच्या भरवशावरच निघतो. दिरंगाई खोट्या अर्जदाराला फळते. खरा अर्जदार, ज्याचा भाऊ मारला गेलाय आणि मुलं मागे अडकलीत, तो मात्र त्याच दिरंगाईत संपतो. तेव्हा ज्यांना खोटे लोक नको आहेत त्यांनी भिंतीपेक्षा न्यायाधीश जास्त मागायला हवेत. तिकडे ते कुणी फारसं मागत नाही, कारण न्यायाधीशांबरोबर निवडणुकीचा फोटो चांगला येत नाही.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं. हातापायांत बेड्या. त्यात महाराष्ट्राचे ३ जण होते. त्या आठवड्यात आपल्याकडे दोन वाक्यं एकाच तोंडून ऐकू येत होती: 'बेकायदा गेले होते, भोगा' आणि 'पण बेड्या कशाला?' मला हे ढोंग वाटलं नाही. लोकांना सहज उमगलेली गोष्ट होती ती. पाठवायचं तर पाठवा, पण माणसासारखं पाठवा. आता हेच दुसरं वाक्य आपण आपल्या दारातल्या माणसाबद्दल म्हणतो का, ते बघू.

समजा उद्या सुदान किंवा अफगाणिस्तानातला कुणी मुंबईच्या सहार विमानतळावर उतरला आणि इमिग्रेशनच्या काउंटरवर म्हणाला, मला परत पाठवू नका, मारतील. काय होईल? आपल्याकडे त्यासाठी कायद्याने ठरवून दिलेला अर्ज नाही, खिडकी नाही, त्याचं ऐकून निर्णय देणारा अधिकारी नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. ती न करण्यामागे काही कारणं विचार करण्याजोगी होती, तो करार युरोपची गरज बघून लिहिलेला होता. पण सही नाही तर नाही, स्वतःचा कायदा तरी? तोही नाही. ज्या संस्थेच्या करारावर सही नाही, त्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या कार्यकारी समितीवर मात्र आपण १९९५ पासून बसतो. मुंबईत अडकलेल्याला नोंदणी करायची तर त्या संस्थेचं दिल्लीतलं कार्यालय गाठावं लागतं आणि तिथून मिळालेलं कार्ड पोलीस मानतील की नाही हे पोलीस ठाण्यागणिक बदलतं. १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका इराणी माणसाचं प्रकरण आलं होतं. उच्चायुक्तालयाने त्याला निर्वासित मानलेलं असल्याने त्याला इराणला धाडण्याचा प्रश्नच येत नाही, असं न्यायालय म्हणालं. चांगलं झालं. पण प्रत्येकाला उच्च न्यायालयापर्यंत पोचावं लागणं ही काही व्यवस्था नव्हे, नशीब झालं.

२०२५ मध्ये कायदा करायची संधी आली होती. जुने चार कायदे मोडीत काढून संसदेने परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा केला आणि १ सप्टेंबरपासून तो लागूही झाला. निर्वासित कुणाला म्हणायचं, याची व्याख्या त्यात नाही. त्याऐवजी एक सवलतीचा आदेश निघाला. अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती यांच्यावर कागदपत्रांअभावी कारवाई नाही. ९ जानेवारी २०१५ पूर्वी येऊन नोंद झालेल्या श्रीलंकन तमिळांनाही कायद्याच्या शिक्षेतून सूट. तिबेटींची सोय वेगळी. यातल्या कुणालाही सवलत मिळाली याचं मला वाईट वाटत नाही. पाकिस्तानातून पळून आलेल्या हिंदू कुटुंबाची फरफट खरी आहे. पण आदेश विचारतो काय? देश कुठला, धर्म कुठला आणि तारीख कुठली. धार्मिक छळाचा उल्लेख त्यात आहे, पण समोरच्या माणसाच्या जिवाला धोका आहे का, हे ऐकून ठरवायची सोय त्यात नाही. तालिबानच्या यादीत नाव असलेली काबूलची पत्रकार मुसलमान असेल तर ती रकान्यात बसत नाही. म्यानमारच्या चिन जमातीतला ख्रिस्ती तर देशच चुकल्यामुळे बाहेर.

या चिन लोकांची गोष्ट आपल्या वर्तमानपत्रांत फारशी येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि लोक तिआउ नदी ओलांडून मिझोरामला येऊ लागले. १० मार्चला केंद्रीय गृहखात्याचं पत्र गेलं: लोंढा थांबवा, कुणाला निर्वासित ठरवायचा अधिकार राज्यांना नाही. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना उलट पत्र लिहिलं, ही आमच्या रक्ताची माणसं आहेत, आम्ही डोळेझाक करू शकत नाही. मग काय झालं? काहीच ठरलं नाही. केंद्राने मान्यता दिली नाही, राज्याने हाकललं नाही, आणि तीस हजारांहून जास्त माणसं गावकऱ्यांच्या आणि चर्चच्या तांदळावर राहिली. केंद्राचा अधिकार केंद्राने वापरला नाही, एवढाच याचा अर्थ.

लोकसभेत मार्च २०२५ मध्ये त्या नव्या कायद्यावर बोलताना गृहमंत्री अमित शहा म्हणाले, हा देश धर्मशाळा नाही. मे महिन्यात शिक्षा भोगून झालेल्या एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचं खंडपीठही तेच म्हणालं, आधीच १४० कोटी आहेत. शब्दप्रयोग पटकन पटतो. पण हे बोलणाऱ्यांनी धर्मशाळा कशी चालते ते दादर-परळला येऊन पाहावं. टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणारे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथल्या धर्मशाळांत उतरतात. दारात पहिला प्रश्न असतो, फाइल आहे का? टाटाची फाइल दाखवायची, डॉक्टरांनी किती दिवसांचे उपचार सांगितलेत ते दाखवायचं. रजिस्टरवर नाव, गाव, सोबत कोण. पेशंटबरोबर ठरलेलीच माणसं. मुदत ठरलेली, वाढवून हवी तर पुन्हा कागद. आवाज केला, दारू प्यायली तर बाहेर. जागा नसेल तर 'नाही' तोंडावर सांगतात, आणि दुसरीकडे कुठे विचारायचं तेही बहुतेक वेळा सांगतात. कोण खरा पेशंट आणि कोण फुकट राहायला आलाय हे त्या मॅनेजरला रोज ठरवावं लागतं, आणि तो ठरवतो. देश धर्मशाळा नाही हे मला मान्य आहे. धर्मशाळेइतकी तरी शिस्त त्याने ठेवावी.

शिस्त नसली की काय होतं ते मुंबईने नुकतंच पाहिलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका अभिनेत्याच्या घरात घुसून झालेल्या हल्ल्यातला आरोपी बांगलादेशी असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि शहरात धरपकड वाढली. बेकायदा राहणाऱ्यांना शोधण्यात गैर काही नाही. बांगलादेशातून येणारे बहुतेक जण कामासाठीच येतात, जीव वाचवायला नाही, हेही उघड आहे, आणि कामासाठी आलेल्याला परत पाठवायचा देशाला पुरेपूर अधिकार आहे. पण जूनमध्ये महाराष्ट्र पोलिसांनी बांगलादेशी समजून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेवर नेऊन थेट पलीकडे ढकलले गेले. आपले नागरिक! त्यांच्या राज्याने कागद पुढे केल्यावर त्यांना परत आणावं लागलं. बंगाली बोलतो, गवंडीकाम करतो, पुरावा म्हणून दाखवलेलं आधार पोलिसांना पुरेसं वाटलं नाही. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असलं म्हणून माणूस नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्हटलं आहे. कायद्याने ते बरोबर असेल. मग कशाने ठरतो आणि कोणापुढे सिद्ध करायचं, हे त्या गवंड्याला कुणी सांगितलं होतं? निर्णयाची खिडकी नसण्याचा फटका परक्यालाच बसतो असं समजू नका. आपल्यातल्या सगळ्यात गरिबालाही तो बसतो.

आता नेहमीचा आक्षेप. म्हाडाच्या लॉटरीची वाट बघत अर्धं आयुष्य गेलेल्या माणसाला तुम्ही परदेशी माणसाची काळजी करायला सांगता? मी सांगत नाही. त्याच्या रागात खोटं काही नाही. मी एवढंच म्हणतो की म्हाडाच्या लॉटरीवर त्याचा राग असतो, तरी तो अर्ज भरतो, कारण सोडत सगळ्यांसमोर निघते आणि नाव आलं नाही तर तेही कळतं. माणूस नकार पचवतो. पचत नाही ते उत्तर न मिळणं. आणि उत्तर न देणं स्वस्त पडतं असंही नाही. तामिळनाडूतल्या छावण्यांत श्रीलंकन तमिळ १९८३ पासून आहेत. तिथे जन्मलेल्यांची लग्नं होऊन त्यांना मुलं झाली. चाळीस वर्षं 'तात्पुरतं' पोसणं हा कुठल्याच देशाला परवडणारा हिशेब नाही.

आणि या शहराला हे नवीन तरी कुठे आहे? फाळणीनंतर सिंधी माणसं बोटींनी मुंबई बंदरात उतरली तेव्हा मुंबई प्रांताने १९४८ साली निर्वासितांसाठी चक्क कायदा केला होता, बॉम्बे रेफ्युजीज ॲक्ट. नोंदणी सक्तीची, आणि राहायचं कुठे तेही सरकार सांगणार. महायुद्धासाठी कल्याणजवळ बांधलेल्या लष्करी बराकींत त्यांची रवानगी झाली. त्याचंच १९४९ साली उल्हासनगर झालं. विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर रिक्षावाले अजून 'कॅम्प चार, कॅम्प पाच' म्हणूनच ओरडतात. तो कायदा मायाळू नव्हता. सिंध्यांना तो जाचक वाटला, आणि बराकींतलं पहिलं पावसाळी वर्ष कसं गेलं हे तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं की अंगावर काटा येतो. शिवाय ती माणसं परकी नव्हती, होऊ घातलेली नागरिक होती, हा फरक मोठा आहे. पण कायदा होता, यादी होती, जबाबदार खातं होतं. खजिना रिकामा, धान्य रेशनवर, अशा काळात हे केलं. आज सरकारकडे संगणक आहेत, बोटांचे ठसे घ्यायची यंत्रं आहेत, आणि नव्या कायद्याने अधिकार तर भरपूर दिले आहेत.

कायद्याचा मसुदाही कुणाला नव्याने लिहायला नको. माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली १९९७ मध्येच एक नमुना कायदा तयार झाला होता. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये खासगी विधेयकं मांडली. खासगी विधेयकांचं संसदेत जे होतं तेच त्यांचं झालं.

परदेशी नागरिक नोंदणीचं मुंबईतलं कार्यालय झेवियर्स कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाची मुदत वाढवायचं काम तिथून चालतं. तिथेच आणखी एक खिडकी काढायची. अर्ज घेतल्याची पावती, ठरलेल्या दिवसांत मुलाखत, हवा तर दुभाषा, सहा महिन्यांच्या आत लेखी निर्णय, आणि एकदा अपील. निर्णय होईपर्यंत रोजगाराची परवानगी, म्हणजे माणूस भिकेला किंवा दलालाच्या हाती लागणार नाही. सुरक्षा यंत्रणांना शंका असेल तर त्यांनी ती त्याच मुदतीत कागदावर मांडावी. त्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याने पहिल्या वर्षी शंभरातल्या ऐंशी जणांना नकार दिला तरी माझी तक्रार नाही. त्या ऐंशी जणांच्या हातात नकाराचं कारण लिहिलेला सही-शिक्क्याचा कागद आणि अपिलाची तारीख असली पाहिजे.